सावली ते सॅन फ्रान्सिस्को किती लांब?

नागपूरच्या विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळापर्यंतचं सरळ अंतर सुमारे 13,110 किलोमीटर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीच्या बसस्थानकापासून मोजलं तर त्यात आणखी ऐंशीएक किलोमीटरची भर पडते. घरातली मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली की गावात दोन प्रश्न हमखास विचारले जातात: किती लांब आहे, आणि किती वेळ लागतो? आपण हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारतो, जणू पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल. एसटीच्या प्रवासात तसं घडतंही. विमानाच्या प्रवासात मात्र या दोन प्रश्नांच्या वाटा लवकरच वेगळ्या होतात.

आधी अंतराचं पाहू. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असतो. त्यावर नागपूरपासून पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती दक्षिण चीनवरून समुद्रावर उतरते आणि जपानच्या दक्षिणेकडून पूर्वेकडे जात राहते. या रेघेवरून खरंच विमान नेलं तर ते सुमारे 15,400 किलोमीटर उडेल. आपण आत्ताच सांगितलेल्या अंतरापेक्षा हे जवळजवळ 2,300 किलोमीटरने जास्त आहे, म्हणजे नागपूरहून दिल्लीला जाऊन परत यावं आणि पुन्हा मुंबईपर्यंत जावं, इतकं. नकाशा खोटा नाही. पण गोल पृथ्वी सपाट कागदावर अंथरताना त्याला कुठेतरी ताणावंच लागतं, आणि तो ताण उत्तरेकडे वाढत जातो. त्यामुळे उत्तरेकडची जवळची वाट कागदावर लांबची दिसते.

खरी वाट पाहायची तर पृथ्वीचा गोल घ्यावा आणि हातात सूत घ्यावं. सावलीला सुतासाठी लांब जावं लागत नाही. इथलं खादीचं काम जुनं आहे, 1936 मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत भरलं होतं आणि स्वतः गांधीजी इथे येऊन राहिले होते. तर असं हातभर सूत घ्या. एक टोक नागपूरवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा, आणि आधी सूत सैल सोडून नकाशावरच्या त्या रेघेसारखं जपानच्या खालून न्या. आता दुसऱ्या टोकाकडून हळूहळू ओढा. सूत जागच्या जागी ताणलं जात नाही, ते गोलावरून उत्तरेकडे सरकायला लागतं. चीन ओलांडतं, मंगोलियावर चढतं, आणि पूर्ण ताठ झालं की एका जागी थांबतं. तिथून ते हलत नाही, कारण त्याहून जवळची वाटच नाही.

आता त्या ताठ सुताखाली कोणकोणते देश आले ते बोटाने तपासा. नागपूरहून ते जवळजवळ उत्तरेलाच निघतं, पूर्वेकडे थोडंसं कलून. पश्चिम नेपाळ, मग तिबेट, मंगोलियाचा पश्चिम कोपरा, मग अफाट सायबेरिया. पुढे ते आर्क्टिक समुद्रात शिरतं आणि 72 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतं. तिथून वळून अलास्कावर उतरतं आणि पॅसिफिकच्या किनाऱ्याने कॅलिफोर्नियाला येतं. धानाच्या मुलखातून निघून जपानच्या दिशेने जायचं सोडून बर्फाच्या समुद्रावरून जायचं, हे पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांना पटत नाही. सूत पुन्हा ओढून दाखवलं की पटतं. फूटभर व्यासाच्या गोलावर हे सूत साधारण साडेएकतीस सेंटिमीटर भरतं. अशा गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे 418 किलोमीटर. गुणाकार करून बघा, उत्तर 13,100 च्या आसपासच येतं. संगणकाने काढलेल्या अंतराच्या इतकं जवळ एका सुताने जाता येतं, ही गोष्ट प्रत्येक शाळेत करून दाखवावी असं मला मनापासून वाटतं.

भूगोलात या ताठ सुताच्या वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. पृथ्वीच्या मध्यातून जाणारी सुरी फिरवून दोन्ही गावं एकाच कापात आणली, तर पृष्ठभागावर उमटेल तीच ही रेघ. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश माहीत असले की त्रिकोणमितीच्या एका सूत्रात पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन निघतो. नागपूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात हा कोन जवळजवळ 118 अंशांचा आहे. वैमानिक किलोमीटरऐवजी सागरी मैल का वापरतात, याचं उत्तर इथेच मिळतं. केंद्रापाशी एक अंशाचा साठावा भाग पुढे सरकलं की पृष्ठभागावर एक सागरी मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर, पार होतो. कोनाला साठाने गुणलं की अंतर तयार. त्यांचं गणित थेट गोलावर चालतं, सपाट कागदाची गरजच पडत नाही.

पण अंशाला किलोमीटरमध्ये बदलायचं तर पृथ्वी किती मोठी आहे हे कुणीतरी आधी मोजलेलं असावं लागतं. त्या मोजणीची एक कबर आपल्या शेजारी आहे. सावलीपासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, जानेवारी 1823 मध्ये विल्यम लॅम्टन वारला. तिथेच त्याला पुरलं. 10 एप्रिल 1802 रोजी त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पायारेषा मोजायला सुरुवात केली होती. जमिनीवर साखळ्या टाकून, बोटभर चुकीचाही हिशेब ठेवत मोजलेली ती एक रेघ. तिच्यावर त्रिकोण, त्या त्रिकोणावर पुढचा त्रिकोण, असं करत 78 व्या रेखांशाच्या आसपासने तो उत्तरेकडे सरकत राहिला. सोबत अर्ध्या टनाचा थिओडोलाइट होता, म्हणजे लांबच्या दोन खुणांमधला कोन मोजणारी मोठी दुर्बीण. तो यंत्राचा डोलारा माणसांनी खांद्यावरून टेकडीवर चढवायचा, मंदिरांच्या गोपुरांवर ओढून न्यायचा. ताप, जंगल, पाऊस यांत माणसं दगावली. लॅम्टन नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाटला गेला, तेव्हा त्याच्या मागे दोन दशकांचं काम होतं.

त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टने ते पुढे नेलं. 1841 पर्यंत कन्याकुमारीपासून डेहराडूनपर्यंत सुमारे 2,400 किलोमीटरची त्रिकोणांची माळ पुरी झाली. इतकी लांब रेघ कशाला हवी होती? पृथ्वी चेंडूसारखी अगदी गोल नाही, ध्रुवांपाशी जरा चपटी आहे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या 6,378 किलोमीटर, ध्रुवांपाशी 6,357. हा एकवीस किलोमीटरचा फरक पकडायचा तर दक्षिणेतला एक अंश आणि उत्तरेतला एक अंश दोन्ही जमिनीवर मोजून त्यांची तुलना करावी लागते. 1830 मध्ये एव्हरेस्टने मांडलेल्या आकड्यात विषुववृत्तीय त्रिज्या 6,377.276 किलोमीटर आहे. आजच्या जीपीएसमागे असलेला आकडा 6,378.137. दोघांत एक किलोमीटरचाही फरक नाही. साखळ्या, दुर्बिणी आणि माणसांची पाठ एवढ्या भांडवलावर हे झालं. मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की क्षणात जो आकडा येतो, त्याच्या मुळाशी ही हिंगणघाटपर्यंत आलेली माळही आहे. हिंगणघाटवरून जाताना थांबून ती जागा बघावी, असं मला नेहमी वाटतं.

अंतर असं ठरलं. आता वेळ काढू. मोठं जेट विमान आपल्या भोवतालच्या हवेत ताशी 900 किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. 13,110 भागिले 900, म्हणजे साडेचौदा तास. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास धरा. पण नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही. आणि असतं, तरी ते सुताच्या वाटेने गेलं नसतं.

पहिली अडचण तिबेटची. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवर असतं, तिथे बाहेरची हवा श्वासाला पुरत नाही, म्हणून आत दाब राखतात. तो दाब गेला तर प्रवाशांच्या तोंडावर मास्क पडतात, पण त्यातला प्राणवायू थोडा वेळच पुरतो. तेवढ्यात वैमानिकाने विमान तीन किलोमीटरच्या उंचीपर्यंत खाली आणायचं असतं. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच, खाली आणणार कुठे? म्हणून बहुतेक विमानं या पठाराला वळसा घालतात.

दुसरी अडचण सरहद्दींची. आकाशावर कुंपण दिसत नाही, पण ते आहे. 2019 मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद ठेवलं, आणि 24 एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना ते पुन्हा बंद केलं. दिल्लीहून युरोपकडे निघालेली विमानं मग आधी दक्षिणेकडे येऊन अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. दिल्ली आणि लंडन होती तिथेच राहिली, प्रवासाचा वेळ मात्र वाढला. 2022 पासून युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, एअर इंडियाला नाही. त्यामुळे दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान सायबेरियावरून जाऊ शकतं, अमेरिकी कंपनीचं जाऊ शकत नाही. त्या वाटेची आपल्याकडच्या लोकांना जून 2023 मध्ये अचानक ओळख झाली. दिल्लीहून निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान शहरात उतरलं. त्यातल्या 216 प्रवाशांना दुसरं विमान येईपर्यंत तिथे राहावं लागलं. बातमी वाचून अनेकांनी विचारलं, अमेरिकेला जाणारं विमान रशियात कसं? सुताने गोल मोजलेल्याला हा प्रश्न पडत नाही.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, आणि अंतर-वेळेचं नातं सगळ्यात जास्त तीच तोडते. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात असा एक पट्टा उत्तर भारतावर येतो. तिथे वारा ताशी दीडशे किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा वेग हवेच्या हिशेबाने ठरलेला असतो. हवाच पुढे चालली असेल तर जमिनीच्या हिशेबाने तो वाढतो, उलटी असेल तर घटतो. डोंगा वैनगंगेत प्रवाहाबरोबर सोडला की वल्ही तेवढीच मारूनही लवकर पोचतो, तसंच हे आहे. नागपूर–दोहाचं उदाहरण घेऊ. ही फेरी कतार एअरवेजने 2015 मध्ये सुरू केली, अंतर सुमारे 2,840 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 850 आणि वारा ताशी 100 धरला तर दोह्याला जाताना आकाशात पावणेचार तासांच्या वर, येताना बरोबर तीन तास. वाट तीच, फरक पाऊण तासाचा.

इथे एक गैरसमज हमखास ऐकू येतो, की पृथ्वी फिरते म्हणून पूर्वेकडचं गाव मागे किंवा पुढे सरकतं आणि त्यामुळे वेळ बदलतो. तसं नसतं. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि हवेतलं विमानही. फरक पडतो तो त्या हवेच्या स्वतःच्या वाहण्याने.

ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने हे फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जात होतं. ती वाट सुमारे 13,900 किलोमीटरची. मग त्यांनी पूर्वेकडची, पॅसिफिकवरची वाट धरली. ती 15,300 किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. पण विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. भागाकार केला तर जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग ताशी 1,055 किलोमीटर पडतो. हवेत मात्र ते आपल्या नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. बाकीचं काम वाऱ्याने केलं. लांबची वाट लवकर पोचवते, याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

घड्याळाचा घोळ वेगळाच. भारतात 82.5 अंश पूर्व रेखांशाची वेळ चालते, तो रेखांश सावलीच्या पूर्वेला फार लांब नाही. सॅन फ्रान्सिस्कोची वेळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा. त्यामुळे तिकिटावरच्या सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळा थेट वजा करू नयेत. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहाव्यात आणि मग वजाबाकी करावी. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला पहिलं थेट विमान ध्रुवीय वाटेने आणलं. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर 14,000 किलोमीटरच्या जवळपास. ते 9 तारखेच्या रात्री साडेआठच्या सुमारास निघालं आणि 11 तारखेच्या पहाटे उतरलं. प्रवास झाला सतरा तासांचा, पण कॅलेंडरवर दोन तारखा उलटल्या. 10 जानेवारी हा दिवस त्या प्रवाशांनी जवळजवळ पूर्ण आकाशात काढला.

इतकं सगळं वाचून असं वाटेल की वेळ माणसाच्या हाताबाहेरची गोष्ट आहे. तसं नाही, आणि त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण नागपूरचंच आहे. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर चार विमानं निघायची आणि चारही मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येऊन उभी राहायची. तिथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची, मुंबईच्या विमानात कलकत्त्याची पत्रं, दिल्लीच्या विमानात मद्रासची, आणि पहाटेच्या आत चारही विमानं आपापल्या गावी परत. प्रवासीही यायचे, मध्यरात्री विमान बदलायचे.

नागपूरच का? सोनेगावपासून सरळ अंतरं पाहा: मुंबई सुमारे 680 किलोमीटर, दिल्ली 850, चेन्नई 910, कोलकाता 985. त्या काळच्या डकोटा विमानाचा वेग ताशी अडीचशेच्या थोडा वर, म्हणजे मुंबईहून अडीच-पावणेतीन तास आणि कलकत्त्याहून पावणेचार. मध्यरात्री भेटायचं तर कलकत्त्याच्या विमानाला मुंबईच्या विमानाआधी तासभर निघणं भाग. या आकड्यांभोवती देशाच्या टपालाचं वेळापत्रक बसवलं होतं. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून देशातली साधी पत्रंही, जिथे विमानाने लवकर पोचतात तिथे, जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागली. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी मद्रासला. ती विमानं आजच्या तुलनेत धिमी होती, दबावबंद केबिन नव्हत्या, रात्री उडायचं म्हणजे जोखीम होती. तरी पत्राचा वेळ कमी झाला तो विमानाच्या वेगापेक्षा मांडणीमुळे. पत्र कुठेही वाट पाहत पडून राहणार नाही, अशी ती मांडणी होती.

माझ्या मते सावलीच्या प्रवाशाच्या वेळेचा विचारही असाच व्हायला हवा. तिकिटावर छापलेला वेळ त्याच्या उंबरठ्यापासून सुरू होत नाही. सावली ते नागपूर सरळ अंतर सुमारे 135 किलोमीटर, पण मूल, सिंदेवाही, नागभीड, भिवापूर, उमरेड करत जाणारी सडक पावणेदोनशेच्या आसपास. एसटीने चार-साडेचार तास धरायचे. पुढे हिशेब असा: नागपूरला उड्डाणाआधी दोन तास, दिल्लीपर्यंत पावणेदोन तास, दिल्लीत पुढच्या विमानासाठी किमान चार तास, मग सोळाएक तास आकाशात, आणि उतरल्यावर पारपत्र-सामानाचा दीड तास. बेरीज तीस तासांच्या जवळ जाते. त्यातले बारा तास माणूस जमिनीवर आहे, एसटीत, रांगेत किंवा बाकावर. सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग ताशी 440 किलोमीटर, विमानाच्या निम्माही नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता-गोदावरीच्या संगमावर असलेल्या सिरोंचाहून निघणाऱ्याला तर फक्त जिल्ह्याच्या गावी पोचायलाच दोनशे किलोमीटरच्या वर यावं लागतं.

विमान कंपन्या पॅसिफिकवरच्या वाऱ्यातून दोन तास काढण्यासाठी चौदाशे किलोमीटर जादा उडायला तयार होतात, कारण तो वेळ त्यांच्या हिशेबात मोजला जातो. सावली–नागपूर हा तुकडा कुणाच्याच हिशेबात नसतो. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिथून दिल्ली-मुंबईचं प्रवासी विमान सुटत नाही. नागपूर–नागभीड ही छोटी लाइन 2019 मध्ये मोठी करण्यासाठी बंद झाली. मूल–सिंदेवाही–नागभीड हा भाग गोंदिया–बल्लारशा मार्गावर आधीच मोठ्या लाइनने जोडलेला आहे. तेव्हा नागभीड–नागपूर लाइनवर गाड्या धावू लागल्या आणि त्यांची वेळ मूलकडून येणाऱ्या गाडीशी नीट जुळवली, तर मूलहून नागपूरला अडीच-तीन तासांत पोचणं शक्य आहे. सावलीपासून मूल पंधरा-सोळा किलोमीटर. असं झालं तर अमेरिकेच्या तीस तासांतला तासभर तरी, वारा कुठूनही वाहत असला तरी, कायमचा कमी होईल.